अनुबाईंची गाडी आणि माझं भाषण

मी आयुष्यात एकच गाडी चोरली आणि तीही जाळून टाकली. हे ऐकलं की नातवंडं डोळे मोठे करून विचारतात, "आजी, कुठली गाडी?" भज्यांची, म्हणते मी. सायकलची चार चाकं, वर लाकडी फळ्या, बाजूला पत्रा आणि पत्र्यावर लाल रंगात 'गरम भजी'. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, दोन वेण्या घालत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पण खरं सांगायचं तर गाडी जाळणं हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा नव्हे. तो मी नंतर केला, बाल न्यायालयात, मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या पुढ्यात उभी राहून. मी भाषण केलं. कुणी मागितलं नव्हतं. गप्प राहिले असते तर त्याच संध्याकाळी घरी येऊन कुळथाची पिठी आणि भात जेवले असते. पण गप्प राहणं हा गुण आमच्या घराण्यात माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

आमचं घर घाटकोपरला, पश्चिमेला डोंगराचा चढ सुरू होतो तिथल्या बैठ्या चाळीत. एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे ते एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले, आणि आमच्या घराचं घड्याळ उलटं फिरायला लागलं. आम्ही उठायचो तेव्हा बाबा घरी यायचे, चहात बटर बुडवून खायचे, पेपर तोंडावर घ्यायचे आणि दुपार कलेपर्यंत झोपायचे. त्यामुळे दिवसा आमच्या घरात आवाजाला बंदी. कुकरची शिट्टी होईल म्हणून आई भात पातेल्यात शिजवायची. भांडी घासताना खाली गोणपाट. खोबरं खवायचं तर विळी घेऊन बाहेर ओट्यावर. शेजारची मंदा "शैलेऽऽ" अशी हाक मारत आली की आई दारातच तिला डोळ्यांनी गिळायची. फक्त बाबांचं घोरणं तेवढं चालायचं, त्याला कोण काय बोलणार? दुपारी आई दोन घरी पोळ्या करायला जायची. जाताना माझ्यासाठी एकच वाक्य, तेही कुजबुजत: "बाबांका उठवू नको, भायर खेळ." शाळा सकाळची. त्यामुळे दुपार नावाची अख्खी इस्टेट माझ्या एकटीच्या नावावर. रिकामी टाकी, रिकामा रस्ता, बंद दुकानं आणि मी. माझ्या लेकीच्या मुलांच्या दुपारी आता स्विमिंग आणि चित्रकलेने इतक्या गच्च भरलेल्या असतात की त्यांना चोरी करायची झाली तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागेल.

रविवार मात्र वेगळा. बाबांची सुट्टी. त्या दिवशी घरात तळलेल्या बांगड्याचा वास, सोलकढीचं पातेलं आणि बाबांच्या गावच्या गोष्टी. आठवडाभर झोपलेला माणूस रविवारी असा काही जागा व्हायचा की विचारू नका. शिमगा जवळ आला की गोष्ट ठरलेली. बाबा तरुण असताना त्यांनी आणि त्यांच्या टोळीने खोताच्या गोठ्याचं दार उचललं होतं. खोत दार शोधत शोधत होळीपाशी आला, तर दार मधोमध धडाडून पेटलेलं. मग खोताने काय करावं? तोंडावर हात घेऊन सगळ्यांत मोठी बोंब त्यानेच ठोकली आणि प्रसाद खाऊन घरी गेला. इथे बाबा हसून हसून खोकायचे आणि मग गंभीर होऊन सांगायचे, "शिमग्याक चोरलेला लाकूड ही चोरी नाय गो. एकदा होळयेर चढला की तां देवाचा. मागूक येऊचा नाय." मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की खोताचं दार मला आमच्या दारापेक्षा जास्त ओळखीचं होतं.

तर चाळीच्या कोपऱ्यावर, भिंतीला टेकून, निळ्या प्लॅस्टिकखाली अनुबाईंची गाडी उभी होती. अनुबाई ही साताऱ्याकडची विधवा बाई, चाळीमागच्या खोलीत एकटी राहायची आणि संध्याकाळी कोपऱ्यावर भजी विकायची. पण बरेच दिवस ती दिसली नव्हती. गाडीखाली मांजर व्यालं होतं. एक चाक बसलं होतं. कुणी म्हणे, ती गावी गेली. मी एका दुपारी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मंदाला जाहीर केलं, "बेवारशी आहे." असं बोलायचा अधिकार मला कुणी दिला, हे मला अजून कळलेलं नाही. मंदा, मी, बाळ्या आणि बाळ्याचे दोन धाकटे भाऊ अशी आमची टोळी. मांजराची पिल्लं आधी खोक्यात हलवली, तेवढी माणुसकी आमच्यात होती. मग गाडी उतारावरून ओढली. ओढली कसली, तिनेच आम्हाला ओढलं. बसलेलं चाक कचकच करत, बाळ्याचे भाऊ मागे लोंबकळत, आम्ही सरळ परबमामांच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळलो. परबमामा म्हणजे चाळीच्या होळीचे सर्वेसर्वा. बाजेवर पडले होते. एक डोळा उघडून म्हणाले, "कुणाची रे?"

"आमचीच, मामा," मी म्हणाले.

"बरी हा. मधी ठेवा," म्हणाले आणि कूस बदलली.

दिवेलागणीला होळी पेटली. टायरांचा काळा धूर असा उठला की नैवेद्य घेऊन आलेल्या बायका खोकत मागे सरल्या. बाबा ड्युटीवर जायला निघाले होते, डबा हातात घेऊन क्षणभर थांबले, उंच ज्वाळा बघितल्या आणि खूश होऊन म्हणाले, "यंदा झकास पेटली!" माझी छाती फुगली. मनात म्हटलं, खोताचं दार काय घेऊन बसलात बाबा, मी चाकांसकट आणली.

दुसऱ्या दिवशी धुळवड. आम्ही रंगलेल्या तोंडांनी राखेभोवती नाचत होतो, आणि अनुबाई आली. ती गावी गेली नव्हती. तिला कावीळ झाली होती आणि ती कल्याणला बहिणीकडे पडून होती. गालफडं बसलेली, डोळे अजून हळदीसारखे, हातात कापडी पिशवी. ती आधी कोपऱ्यावर गेली, मोकळ्या भिंतीकडे बघितलं, मग आमच्याकडे आली. राखेत वाकली आणि शेगडीचं लोखंडी कडं पदराने धरून बाहेर काढलं. अजून गरम होतं, तरी सोडलं नाही. परबमामांनी पुढे होऊन तिला शिमग्याचा रिवाज समजावून सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुमच्या देवाला जाळायला माजीच गाडी गावली व्हय? आता मी खाऊ काय, ही राख?" आणि तशीच पोलीस चौकीवर गेली. तिचं काय चुकलं? त्या गाडीवर तिचा एकटीचा संसार होता. पण तेव्हा मला वाटलं, काय चिडकी बाई आहे, खोत बघा कसा बोंब मारून प्रसाद खाऊन गेला.

चौकीवर कुणी मला मारलं नाही की ओरडलं नाही. साध्या साडीतल्या एका लेडी कॉन्स्टेबलने मला ग्लुकोजची बिस्किटं दिली आणि "अगं, गाडी कोण जाळतं?" असं खरोखर कुतूहलाने विचारलं. बाकीचे चौघे आईबापांच्या पाठीमागे लपले होते. मी पुढे झाले आणि सांगून टाकलं, सगळं मी एकटीने केलं. गणपतीत पडद्यावर पाहिलेल्या सिनेमांत नायक असंच करायचा. त्यामुळे बाल न्यायालयात पहिल्यांदा गेले ती मी एकटी, बाबांबरोबर. बाबा रात्रपाळी करून तसेच आलेले, डोळे लाल, अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायात माझ्या मामाच्या चपला.

मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. मला वाटलं होतं पिंजरा असेल, काळे कोट असतील, हातोडा असेल. तिथे होती एक साधी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग आणि शेजारच्या खोलीतून शिवणयंत्राची घरघर. मॅजिस्ट्रेटसाहेबांना पडसं झालं होतं, ते सारखा रुमाल शोधत होते. त्यांच्या बाजूला समाजकार्य करणाऱ्या दोन पोक्त बाया. काळा कोट एकही नाही. माझा थोडा हिरमोड झाला, पण भाषण पाठ होतं.

"तू काय केलंस, तुझ्या शब्दांत सांग बाळ," साहेब म्हणाले.

"मी एकटीने केलं, साहेब. बाकी कुणाचा दोष नाही. जी शिक्षा द्यायची ती मला द्या!"

"एकटीने? चार चाकांची गाडी?"

"हो, साहेब."

"ताकद आहे," साहेब शिंकले. "का जाळलीस?"

इथे थांबायचं होतं. चुकले म्हणायचं होतं. पण मी हात वर करून म्हणाले, "साहेब, शिमग्यातली चोरी चोरी नसते. होळीवर चढलं की ते देवाचं. ते मागायला येणाऱ्याचंच चुकतं." एक बाई हसू दाबायला पदर तोंडाशी घेऊन बसल्या. साहेब हसले नाहीत. "हे तुला कोणी शिकवलं?" मी अभिमानाने बोट दाखवलं. "बाबांनी."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर कुणाच्या घेण्यात ना देण्यात नसलेला माणूस, रात्रभर दुसऱ्यांच्या घरांची राखण करून आलेला, आणि मुलगी कोर्टात सांगते की चोरी यांनी शिकवली. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही हिची हमी घेता का? घरी नेता?" बाबा ताडकन म्हणाले, "नको, साहेब. ठेवा तिका हंयच. येऊ दे जरा अक्कल."

साहेबांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. एक बाई हळूच म्हणाली, चल बाळ. मला वाटलं, पाणी प्यायला नेतायत. मी मागे वळून पाहिलं तर बाबा उभेच होते, एक हात अर्धा वर, जसं काही कुणी तरी "नको नको, राहू दे" म्हणेल म्हणून वाट बघत. कुणी म्हणालं नाही. दार बंद झालं.

मला ठेवलं त्या मुलींच्या निरीक्षणगृहाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. जेवण गरम असायचं, वेण्या घालायला ताई होत्या, खिडकीतून बदामाचं झाड दिसायचं. पण सकाळची घंटा झाली की ॲल्युमिनियमच्या ताटांचा जो खणखणाट सुरू व्हायचा, तो ऐकून मला रडू फुटायचं. आवाज करायला इतकी मोकळीक मला कधी मिळाली नव्हती, आणि मला हवं होतं बाबांचं घोरणं. माझ्या शेजारी झोपणारी चंपा नावाची मुलगी स्टेशनवर सापडलेली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला बाप आहे?" आहे म्हटलं. "जिवंत? दारू पितो?" नाही म्हटलं. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "मग तू इथे कशाला आलीस, येडी?" भाषणाला आले होते, असं कसं सांगणार?

तिथे मला भेटायला प्रोबेशन ऑफिसर कर्णिकबाई आल्या. कोर्टाच्या वतीने मुलाच्या घरची, शाळेची, शेजारपाजारची माहिती काढायची आणि त्याला पुन्हा मार्गी कोण कोण लावू शकेल ते बघायचं, हे त्यांचं काम. उंच, सावळ्या, खांद्याला खादीची पिशवी, चपलेचा अंगठा तुटलेला. मला वाटलं, का केलंस विचारतील. त्यांनी विचारलं, "तू दुपारी काय करतेस?" मी म्हणाले, काही नाही. "काही नाही म्हणजे कुठे बसून काही नाही?" मग मी सांगायला लागले, बाबांची झोप, गोणपाट, आईचं भायर खेळ, रिकामी टाकी. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, माझ्या गप्पा आवडल्या. आज कळतं की त्या बाईने तिथेच ओळखलं होतं, की मुलगी वाईट नाही, मुलीला दुपार आहे आणि जागा नाही.

पुढचे दिवस कर्णिकबाई आमच्या चढावर तुटक्या चपलेने वरखाली करत राहिल्या. हे मला आईने नंतर सांगितलं. त्या शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकांकडून माझं नाव पटावरून काढणार नाही असं कबूल करून घेतलं. महिला मंडळाच्या बायकांना भेटल्या, आणि त्यांनी अनुबाईला तोवर आपल्या ओट्यावर स्टो लावून बसायला जागा दिली. मुलांच्या एका सुधारगृहात सुतारकामाचा वर्ग चालायचा, तिथल्या मास्तरांना म्हणाल्या, तुमची पोरं सारखी स्टुलंच करतात, एक हातगाडी करा की. परबमामांना म्हणाल्या, "मधी ठेवा कोण म्हणालं होतं?" परबमामा मुकाट्याने फळ्या द्यायला तयार झाले. मंदा आणि बाळ्याच्या घरीही त्या गेल्या, आणि माझं एकटीने केल्याचं महान बलिदान पाच मिनिटांत निकालात निघालं, बाळ्याच्या धाकट्या भावाने मांजरांसकट सगळं सांगून टाकलं. आमच्या घरी त्या आल्या तेव्हा आई बाबांशी बोलतच नव्हती. ती भात कुकरमध्ये लावत होती आणि शिट्ट्या होऊ देत होती.

आता त्या बाल न्यायालयाला बाल न्याय मंडळ म्हणतात, आणि कर्णिकबाईंसारख्यांना पायऱ्या चढण्याऐवजी निदान फोन तरी करता येतो. मी मुलुंडला पोळीभाजी केंद्र चालवते. गेल्या वर्षी मंडळाकडून तिथल्या एका तरुण ताईचा फोन आला, एक मुलगी आहे, मोबाइल उचलला होता, दुपारच्या वेळी तुमच्याकडे येऊ दे का? शाळा, समुपदेशक, तिची मावशी, सगळे ठरलेत, एक जागा कमी पडतेय. मी म्हटलं पाठव. मुलगी आली ती तोंड पाडून, आणि आल्या आल्या मला भाषण द्यायला लागली. मी म्हटलं, थांब गं बाई, त्यातलं मला सगळं येतं.

तर माझ्या दुसऱ्या तारखेला कोर्टाची ती खोली भरली होती. मुख्याध्यापिका, महिला मंडळाच्या बाई, सुतारमास्तर, परबमामा, आई, बाबा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकावर अनुबाई. कर्णिकबाईंनी सगळं मांडलं: मुलगी सकाळी शाळेत जाईल, दुपारी अनुबाईंकडे भज्यांची तयारी करायला मदत करेल, नवी गाडी सुतारवर्ग बनवेल, दर महिन्याला त्या स्वतः येऊन बघतील. साहेबांचं पडसं बरं झालं होतं. ते म्हणाले, "योजना चांगली आहे. पण ती दोघींवर उभी आहे, ही मुलगी आणि अनुबाई. अनुबाई, तुम्हाला मान्य आहे?"

"न्हाय," अनुबाई म्हणाली.

कर्णिकबाईंचा चेहरा उतरला. अनुबाईला तसं आधी विचारलं होतं, तेव्हा ती बघू म्हणाली होती. "गाडी द्या, मी घेते. ही पोरगी नको. माज्या खोलीत चूल हाय, रॉकेल हाय. एकदा जाळलंय तिनं. मी काय तिच्यावर डोळा ठेवत बसू, का भजी तळू?" शेजारी शिवणयंत्र चालूच होतं. मला कळलं की ही बाई नाही म्हणाली तर मी परत ताटांच्या खणखणाटात जाणार, आणि किती दिवस ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा बाबा उठले. कुणी विचारलं नव्हतं. मराठीत बोलायचं त्यांनी ठरवलं असावं, पण अर्ध्यावर ते मालवणीत घसरले. "साहेब, पोरीनं सांगितलं ते खरं. मीच शिकवलंय. दर शिमग्याक मी ती गजाल सांगतंय आणि हसतंय. त्या खोताचा गोठो होतो, गडी होते, दुसरा दार करून घेतल्यान. ह्या बाईचा काय होता? तां मी कधी सांगूक नाय." मग ते अनुबाईकडे वळले. "बाई, माजा चुकला." आणि बसले. बाबांना चारचौघांत इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला काही म्हणायचंय?" माझ्याकडे भाषण होतं. हो, नवीनही तयार केलं होतं, गजांआडून, पश्चात्तापाचं, फार सुंदर. मी तोंड उघडलं आणि अनुबाईकडे बघितलं. डोळ्यांतली हळद अजून पुरती गेली नव्हती. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "तुमची कावीळ बरी झाली का?"

अनुबाईने माझ्याकडे असं बघितलं जसं भज्याच्या पिठात किडा सापडावा. "आता इचारतीस व्हय? गाडी न्यायच्या आधी इचारायचं."

"तुम्ही दिसत नव्हता."

"मग शोधायचं. मांजराची पिल्लं दिसली ती?"

"ती खोक्यात ठेवली. तिन्ही जगली."

अनुबाईने पदराने नाक पुसलं. मग साहेबांना म्हणाली, "येऊ द्या. पर चुलीपासून लांब बसवीन मी तिला. उंबऱ्याच्या भाईर." साहेब म्हणाले, तसं लिहून घेऊ. आणि खरोखर लिहून घेतलं.

म्हणून मी त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अनुबाईच्या उंबऱ्याबाहेर बसून कांदे चिरले, बटाटे सोलले, कोथिंबीर निवडली, पाट्यावर लसूण-मिरची वाटली आणि डोळे चोळून आंधळी झाले. बाई मायाळू वगैरे नव्हती, उगीच खोटं कशाला लिहू? कांदा जाड झाला की ती काप माझ्या अंगावर फेकायची. "हे भजं हाय का फळी? फळ्या तुला लई आवडतात." पण सगळ्यांत आधी पहिला घाणा निघाला की चार भजी कागदावर टाकून बाहेर सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची, मी खाल्ली की नाही ते न बघितल्यासारखं. मंदा नि बाळ्यालाही रोज पाणी भरायचं काम होतं, त्यामुळे आमची टोळी पुन्हा जमली, फक्त या वेळी चाळीच्या नळावर. गौरीगणपतीच्या सुमाराला नवी गाडी आली. सुतारवर्गातल्या मुलांनी टेम्पोतून उतरवली. फळ्या किंचित वाकड्या, पण रंधा असा मारलेला की अनुबाई हात फिरवत राहिली. त्यातला एक मुलगा म्हणाला, "मावशी, ही जळणार नाही ना?" अनुबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हाय. राखणदार ठिवलाय."

घरातही बदल झाला होता. बाबा आता दुपारी माझ्या जायच्या वेळेला जागे असायचे. झोप मोडायची त्यांची, पण कबूल करायचे नाहीत. माझ्याशी ते जेवढ्यास तेवढं बोलायचे, पाणी दे, पेपर दे. त्या दिवशीच्या 'ठेवा' या शब्दाबद्दल आमच्या घरात कुणीच काही बोललं नाही. मी रागावले होते का? होते. रात्री पोटमाळ्यावर पडून मी त्या बंद दाराचा विचार करायचे आणि ठरवायचे, मोठी झाले की यांना विचारीन. विचारणारी मी, पण एवढं एक माझ्या तोंडून निघेना.

थंडीच्या दिवसांत शेवटची तारीख लागली. कर्णिकबाईंनी चांगलं सांगितलं, अनुबाई आली नव्हती पण तिने निरोप पाठवला होता की पोरगी कांदा आता बारीक कापते. साहेब म्हणाले, झालं, आता यायचं काम नाही, अभ्यास कर. बाबांनी वाकून नमस्कार केला. आम्ही बाहेर आलो, बसस्टॉपवर उभे राहिलो. दुपारची वेळ, रस्त्यावर कुणी नाही. बाबांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली, माझ्या हातात दिली. एक बस आली, ते चढले नाहीत. मी म्हणाले, बाबा, आपली होती. ते बसच्या मागे बघत राहिले आणि मग, माझ्याकडे न बघता, बोलले. ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"त्या दिसा मी ठेवा म्हटलंय, तां रागान म्हटलंय गो. माका वाटला, सायब माकाच वरडतले आणि सांगतले, चेडवाक घराक घेऊन जा. मी वाट बघीत उभो होतंय. कोणीच काय बोलूक नाय. आता परत कधी मी रागान कायव बोललंय, तर थंय उभी रवा नको. माज्या मागसून सरळ घराक ये."